‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढ्याने भागणार नाही

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो तेव्हा त्याच्या नातेवाइकांच्या हातात एक कागद दिला जातो. रक्त पातळ ठेवणारी गोळी किती मिलिग्रॅमची, ती सकाळी घ्यायची की रात्री, किती दिवस घ्यायची, रक्तदाब किती राखायचा, पुढची तपासणी कधी, हे सारे त्यात नीट लिहिलेले असते. त्याच कागदाच्या तळाशी बहुधा एक ओळ असते: फिजिओथेरपी चालू ठेवा. कोणती, कशासाठी, रोज किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली आणि कधीपर्यंत, यातले काहीही तिथे नसते. त्या माणसाचे चालणे, स्वतःच्या हाताने अंगात सदरा घालणे, कोणाच्या आधाराशिवाय शौचालयापर्यंत जाणे ज्या उपचारावर अवलंबून आहे, तो उपचार असा मोघम सोडून देण्यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही, ही माझी तक्रार आहे. मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांनंतरची फिजिओथेरपी औषधाइतक्याच काटेकोरपणे लिहून दिली गेली पाहिजे, ती प्रत्यक्षात किती मिळाली हे मोजले गेले पाहिजे आणि ती मिळाली नाही तर आरोग्यव्यवस्थेला जाब विचारता आला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आजाराच्या पहिल्या काही तासांत हीच व्यवस्था किती दक्ष असते ते पाहिले म्हणजे पुढची ढिलाई अधिकच खुपते. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल तर ती गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि म्हणून रुग्ण दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत किती मिनिटे गेली याची नोंद चांगली रुग्णालये ठेवतात, त्यावरून स्वतःची पारख करतात. हे योग्यच आहे. परंतु तोच रुग्ण आठवड्याभराने वॉर्डात पडून असतो तेव्हा दिवसाच्या चोवीस तासांपैकी किती मिनिटे त्याने हालचालीचा सराव केला, हे तिथे कोणाला विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही, कारण ते कोणी लिहून ठेवलेलेच नसते.

मेंदूच्या इजा झालेल्या भागातील मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरीही माणूस सुधारतो, कारण शिल्लक राहिलेला मेंदू आपली कामे नव्याने वाटून घेऊ शकतो. ही वाटणी मात्र आपोआप आणि नेहमी हिताचीच होते असे नाही. रँडॉल्फ न्यूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माकडांवरील प्रयोगात, हाताची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात छोटी इजा झाल्यावर ज्या माकडांना सराव दिला नाही त्यांच्या मेंदूत हाताचा शेजारचा, शाबूत भागही आक्रसत गेला, तर ज्यांच्याकडून बोटांच्या नेमक्या हालचाली पुनःपुन्हा करून घेतल्या त्यांच्या मेंदूत तो भाग टिकला आणि काही माकडांत आजूबाजूला पसरलाही. सराव न देणे म्हणजे आहे तिथेच थांबणे नव्हे, आहे तेही गमावणे आहे, हा त्याचा अर्थ.

याला जोडूनच एडवर्ड टाउब यांचे काम येते. दुबळ्या हाताने दोन-चार वेळा प्रयत्न केला, जमले नाही, चांगल्या हाताने मात्र काम चटकन झाले, की मेंदू हळूहळू दुबळा हात वापरणेच सोडून देतो. पुढे त्या हातात थोडी ताकद आली तरी ती वापरात येत नाही. यावर उपाय म्हणून चांगला हात मोज्यात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचे, ही पद्धत त्यांनी विकसित केली. पक्षाघाताला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर ती तपासून पाहिली गेली आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा घालून रोज सहा तासांपर्यंत प्रशिक्षण घेतलेल्यांचा दुबळा हात, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या सुधारला, आणि तो फरक वर्षभराने केलेल्या तपासणीतही टिकून होता. ही पद्धत सर्वांसाठी नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता आली पाहिजेत ही तिची अट आहे. पण सराव किती, कसा आणि कोणासाठी हे ठरवून दिले तर काय घडू शकते, ते तिने दाखवले.

फिजिओथेरपी म्हणजे हातपाय वरखाली करणे, मग त्यात ठरवण्यासारखे काय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एका साध्या क्रियेकडे जवळून पाहावे: खुर्चीवरून उठणे. उजवी बाजू लुळी पडलेला माणूस उठू पाहतो तेव्हा त्याचा डावा पाय मागे सरकतो, डावा हात खुर्चीची कड घट्ट पकडतो, सगळे शरीर डावीकडे कलते आणि उजवा पाय पुढे, नुसता टेकलेला, निरुपयोगी राहतो. तो उठतो खरा, पण प्रत्येक उठण्यागणिक उजव्या पायाला वगळायला शिकतो. जाणकार फिजिओथेरपिस्ट येथे काय करतो? आसन थोडे उंच करून घेतो, म्हणजे कमी ताकदीत उठता यावे. उजवे पाऊल डाव्यापेक्षा किंचित मागे ठेवतो, म्हणजे भार त्याच्यावर आल्याशिवाय उठताच येऊ नये. हात समोर टेबलावर ठेवायला सांगतो, धड पुढे झुकवून घेतो, गुडघ्यावर आपला तळवा ठेवून तो आत वळू देत नाही. मग तीच क्रिया दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा वेळा. आणि ती जमू लागली की दुसऱ्या दिवशी आसन दोन बोटे खाली. दुबळ्या पायावर किती भार आला, कुठे थांबायचे, केव्हा अवघड करायचे, याचे निर्णय त्या पंधरा मिनिटांत तो सतत घेत असतो. हे काम ‘व्यायाम करून घेणे’ या दोन-तीन शब्दांत मावत नाही.

आता प्रत्यक्षात किती सराव होतो ते पाहू. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांची उपचारसत्रे शेजारी बसून मोजली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, हातासाठीच्या सत्रात कामाशी निगडित हालचालींची सरासरी आवर्तने निघाली ३२. प्राण्यांवरील ज्या प्रयोगांच्या आधारे आपण मेंदूच्या लवचीकतेच्या गोष्टी करतो, त्यांत एका सत्रात काही शे आवर्तने असतात. त्याआधी २००४ मध्ये जूली बर्नहार्ट यांनी ऑस्ट्रेलियातील रुग्णालयांत पक्षाघाताच्या रुग्णांचा दिवस कसा जातो याची नोंद केली होती. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ रुग्ण बिछान्यात पडून होते, ६० टक्के वेळ त्यांच्याजवळ कोणीच नव्हते, आणि चालण्या-फिरण्याची क्षमता सुधारेल असे काही ते करत होते तो वेळ फक्त १३ टक्के होता. ही पाहणी खास पक्षाघातासाठी असलेल्या विभागांत झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे जिथे असे विभागच नाहीत तिथली स्थिती काय असेल याची कल्पना करता येते. औषधाची मात्रा दहाव्या हिश्शाने द्यायची आणि गुण आला नाही म्हणून औषधच कुचकामी ठरवायचे, असे आपण कधी करणार नाही. फिजिओथेरपीच्या बाबतीत मात्र ते सर्रास घडते. ‘इतके दिवस करून काही फरक पडला नाही’ असे रुग्ण किंवा डॉक्टर म्हणतात तेव्हा ‘नेमके किती केले?’ हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.

इंग्लंडमध्ये आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३ मध्ये या प्रश्नाला आकड्यात उत्तर दिले. पूर्वीची शिफारस आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक आवश्यक उपचार रोज किमान ४५ मिनिटे, अशी होती; नवी शिफारस, गरजेनुसार सर्व उपचार मिळून रोज किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस, अशी आहे. एवढे देण्याइतकी माणसे त्या देशातही सगळीकडे नाहीत. तरीही आकडा लिहिला गेला हे मला महत्त्वाचे वाटते. तूट किती आहे हे आकड्याशिवाय सांगताच येत नाही, आणि जी तूट सांगता येत नाही ती भरून काढण्यासाठी कोणी पैसा देत नाही.

मात्रा लिहा असे म्हणताना ‘जितकी जास्त तितकी चांगली’ असा समज मी पसरवत नाही. मात्रेचा आग्रह धरण्यामागचे माझे सर्वांत भक्कम कारण याच्या नेमके उलट आहे. बर्नहार्ट यांच्याच नेतृत्वाखालील, पाच देशांतील ५६ केंद्रे आणि २१०४ रुग्ण असलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला बिछान्यातून उठवून वारंवार आणि जास्त वेळ उभे करण्या-चालवण्याने तो अधिक सुधारेल, अशी अपेक्षा होती. तीन महिन्यांनी पाहिले तर चांगला परिणाम दिसलेल्यांचे प्रमाण त्या गटात ४६ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ५० टक्के निघाले. पुढच्या विश्लेषणात असे दिसले की, थोडा थोडा वेळ पण अधिक वेळा उठवणे हे एका दमात जास्त वेळ उठवण्यापेक्षा बरे. म्हणजे त्याच हालचाली, त्याच हेतूने, चुकीच्या दिवशी चुकीच्या प्रमाणात दिल्या तर अपायही करू शकतात. ज्या उपचारात गुण देण्याची आणि अपाय करण्याची अशी दोन्ही ताकद आहे, त्याला ‘चालू ठेवा’ एवढ्यावर कसे सोडता येईल?

मेंदूऐवजी मज्जातंतूंना इजा झाली असेल तर हिशेबच बदलतो. गियाँ-बारे सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. ज्यांच्यात फक्त तंतूवरचे आवरण खराब झाले आहे ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरू शकतात, पण आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढत जातो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घेतले म्हणजे दोन-अडीच वर्षांची वाट पाहणे ओघानेच आले. या काळात रुग्णाला थकवून टाकणारे व्यायाम उपयोगाचे नाहीत. अर्धवट सावरलेल्या स्नायूंवर ताण दिला तर ताकद वाढण्याऐवजी घटू शकते. येथे फिजिओथेरपिस्टचे मुख्य काम असते सांधे राखून ठेवण्याचे. घोट्यामागचा स्नायू आखडला आणि पाऊल खाली लोंबते राहिले, तर दोन वर्षांनी तंतू पावलापर्यंत पोहोचला तरी त्याच्या हुकमावर हलायला सांधा मोकळा राहिलेला नसतो. रोज काही मिनिटे घोटा ताणणे, रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा पट्टा बांधणे, कूस बदलणे, हे काम दिसायला इतके किरकोळ असते की ते सर्वांत आधी टाळले जाते. हे पाहून मला विशेष वाईट वाटते, कारण येथे निसर्ग आपले काम बिनबोभाट करत असतो आणि चुकतो तो केवळ माणसांचा भाग.

मात्रा ठरवायची नसली की तिची जागा यंत्रे घेतात. रुग्ण पडून आहे, दंडावर विजेचे पॅड लावले आहेत, दिव्याची ऊब सुरू आहे, शेजारी कोणी मालिश करते आहे आणि तासाभराने ‘आजची फिजिओथेरपी झाली’ असे म्हणून वहीत खूण केली जाते. विजेच्या उत्तेजनाचे काही नेमके उपयोग आहेत, उदाहरणार्थ चालताना लोंबणारे पाऊल उचलण्यासाठी. पण ज्या तासात रुग्णाने स्वतः काही करण्याचा प्रयत्नच केला नाही, त्या तासात मेंदूला शिकण्यासारखे फारसे काही मिळालेले नसते. महागड्या यंत्रांचीही तीच कथा. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोच्या साहाय्याने दिलेल्या प्रशिक्षणाने नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात सुधारणा झाली नाही. २०१६ च्या आणखी एका चाचणीत पडद्यावरचे आभासी खेळ खेळणारे रुग्ण आणि पत्त्यांसारखे साधे खेळ खेळणारे रुग्ण यांच्यात फरक आढळला नाही. दोन्ही गट सुधारले. रुग्णालयाच्या जाहिरातीत रोबोचे चित्र शोभून दिसते, पण रुग्णाला हवी असते ती त्याची हालचाल बघून उद्याचा सराव बदलणारी नजर.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. एवढी माणसे आणायची कुठून? जागतिक आरोग्य संघटनेसोबत झालेल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये जगभरातील सुमारे २४१ कोटी लोकांना पुनर्वसन उपचारांचा उपयोग होऊ शकला असता. यात हाडे-स्नायूंच्या तक्रारींपासून सगळेच आले, पण प्रश्न किती मोठा आहे ते यावरून कळते. प्रशिक्षित मनुष्यबळ त्या मानाने अत्यंत अपुरे आहे. म्हणून अनेकांना सोपा वाटणारा मार्ग म्हणजे घरच्यांना शिकवा आणि घरी पाठवा. हा मार्ग पुरेसा ठरतो का, याची तपासणी भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झाली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले: कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन रुग्णाला घरी पाठवल्याने सहा महिन्यांनंतरचे मृत्यू किंवा परावलंबित्व नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी झाले नाही. घरच्यांचे प्रेम किंवा कष्ट कमी पडले, असा याचा अर्थ मी काढणार नाही. जे काम शिकायला काही वर्षे लागतात, ते थोड्याशा शिकवणीवर थकलेल्या जोडीदाराच्या खांद्यावर टाकणे हा मनुष्यबळाच्या टंचाईवरचा उपाय नव्हे, एवढेच त्यातून दिसते. घरच्यांना काही गोष्टी शिकवाव्यात हे खरेच: उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नये, कारण स्नायूंचा आधार गेलेला खांदा त्याने निखळू लागतो आणि मग महिनोन्‌महिने दुखत राहतो, बसवताना तो हात उशीवर टेकवून ठेवावा. पण घरचे हे फिजिओथेरपिस्टला साथ देणारे असावेत, त्याच्या जागी उभे केलेले नसावेत.

टंचाईतही करण्यासारखे पुष्कळ आहे. कॅनडात जॅनिस एंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या १०३ रुग्णांवर चाचणी घेतली आणि त्यांतील एका गटाला हाताच्या सरावाची श्रेणीवार पुस्तिका आणि साध्या वस्तूंचा संच दिला. थेरपिस्टने पातळी ठरवायची, शिकवायचे, आठवड्यातून एकदा पाहून बदलायचे आणि बाकी सराव रुग्णाने स्वतः करायचा. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार चार आठवड्यांत या गटातील रुग्णांचा हात तुलनेच्या गटापेक्षा अधिक सुधारला. सारख्या पातळीच्या चार-सहा रुग्णांना एकत्र घेऊन एकाने उठण्या-बसण्याचा, दुसऱ्याने पायरी चढण्याचा, तिसऱ्याने वस्तू उचलण्याचा सराव करत जागा बदलत राहायचे, अशा गटसत्रांत एकच थेरपिस्ट कितीतरी अधिक आवर्तने घडवून आणू शकतो. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: मात्रा तज्ज्ञाने ठरवलेली असते आणि तिची नोंद होते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पुनर्वसन हा आरोग्यसेवेचा अंगभूत भाग मानावा असा ठराव केला. ठराव चांगला आहे, पण वॉर्डातल्या तक्त्यावर तापमान आणि रक्तदाबाच्या शेजारी सरावाच्या मिनिटांचा रकाना आल्याशिवाय तो रुग्णापर्यंत पोहोचला असे मला म्हणता येणार नाही.

शेवटी उपचार थांबवण्याचा प्रश्न, कारण मात्रेत तोही येतो. ‘सहा महिन्यांत जे व्हायचे ते झाले, आता पुढे काही होणार नाही’ हे वाक्य असंख्य रुग्णांना ऐकवले जाते. पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो यात शंका नाही, पण वेग मंदावणे आणि दार बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील केंद्रात पक्षाघाताला बहुधा वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लोटलेल्या २२४ रुग्णांना तीन आठवड्यांत ९० तास हाताचे प्रशिक्षण दिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार त्यांच्या हातांत खरी सुधारणा झाली आणि ती सहा महिन्यांनी टिकून होती. तुलनेचा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे. तरी ज्यांना ‘आता काही होणार नाही’ म्हणून परत पाठवले जाते, तेच हे रुग्ण होते.

पार्किन्सन किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारख्या हळूहळू वाढत जाणाऱ्या आजारांत तर ‘सुधारणा दिसते का?’ हा निकषच चुकीचा आहे. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाऊल दारात अचानक खिळून राहते. जमिनीवर आखलेली रेघ ओलांडण्याचे किंवा ठेक्यावर पाऊल टाकण्याचे तंत्र शिकवले तर तो पुढे जाऊ शकतो. आजार वाढत असताना तो वर्षभरापूर्वीइतकाच चालतो आहे आणि पडलेला नाही, हेच तिथे यश असते, पण कागदावर ते ‘काही प्रगती नाही’ असे उमटते आणि उपचारांचा खर्च नाकारला जातो. अमेरिकेत या प्रश्नावर थेट खटला चालला. जिमो विरुद्ध सिबेलियस या प्रकरणात २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार, मेडिकेअर या सरकारी विमा योजनेखाली कुशल उपचारांचा खर्च रुग्णात सुधारणा होण्याची शक्यता आहे की नाही यावरून ठरवता येत नाही. असलेली क्षमता टिकवण्यासाठी किंवा ऱ्हास मंदावण्यासाठी कुशल हातांची गरज आहे का, एवढेच पाहायचे असते. विमा कंपन्यांच्या आणि सरकारी योजनांच्या नियमावल्यांत हाच निकष सर्वत्र लिहिला गेला पाहिजे, आणि उपचार थांबवण्याच्या कागदावर तारखेऐवजी चालण्याचा वेग, खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागणारा वेळ, हाताने उचललेल्या ठोकळ्यांची संख्या अशी मोजमापे, ती घेणाऱ्याची सही आणि पुन्हा तपासणी केव्हा करायची याची नोंद असली पाहिजे.